मूत्रपिंड : किती काढावे, किती राखावे?



शस्त्रवैद्यांच्या विद्येचा इतिहास सांगताना बहुधा धाडसाच्याच गोष्टी सांगण्याचा प्रघात आहे. कोणी प्रथम पोट उघडले, कोणी हृदयाला टाका घातला, कोणी एकाचा अवयव दुसऱ्याला बसवला, अशा कथा ऐकायला आपल्यालाही आवडतात. आज आम्ही जो इतिहास मांडणार आहोत तो हात आवरण्याचा इतिहास आहे. मूत्रपिंडात गाठ झाली, तर सबंध मूत्रपिंड काढून टाकावे, की गाठ तेवढी काढून उरलेले मूत्रपिंड राखावे? प्रश्न दिसायला साधा आहे. पण १८८७ साली प्रथम विचारपूर्वक दिले गेलेले त्याचे उत्तर पुढे शंभर वर्षे अडगळीत पडले, आणि नंतर पुन्हा बाहेर आले. हे असे का झाले, याचा विचार आपल्याला करावयाचा आहे.

प्रथम या अवयवाची थोडी ओळख करून घेऊ. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला ही दोन पिंडे असतात. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, वजन सुमारे १५० ग्रॅम. एवढ्याशा जोडीकडे हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी या पिंडांतून गाळले जाते. त्यातले बहुतेक सर्व शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्र होऊन बाहेर पडते. हे गाळण्याचे काम करणाऱ्या सूक्ष्म गाळण्या एकेका पिंडात सरासरीने दहा लाखांच्या घरात असतात. त्यांची एक गोष्ट आपण पक्की ध्यानात ठेवावी. या गाळण्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उरलेल्या गाळण्या थोड्या मोठ्या होतात आणि गेलेल्यांचे काम आपल्या अंगावर घेतात. तरुण, निरोगी माणसाला हा बोजा सहज पेलतो. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने आधीच थकलेल्या पिंडाला तो तसाच पेलेल, असे मात्र धरून चालता येत नाही.

मूत्रपिंड काढण्याच्या शस्त्रक्रियेचा आरंभ चुकीतून झाला. १८६१ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे वोलकॉट नावाच्या शस्त्रवैद्याने यकृताची गाठ समजून एक मोठी गाठ काढली. ती निघाली मूत्रपिंडाची. रुग्ण सुमारे पंधरा दिवसांनी दगावला. हेतुपुरस्सर, आधी ठरवून केलेली पहिली शस्त्रक्रिया जर्मनीतील हायडेलबर्ग येथे २ ऑगस्ट १८६९ रोजी झाली. गुस्टाव्ह सिमोन हा तिचा कर्ता. त्याच्यापुढे आलेल्या बाईच्या मूत्रवाहिनीला पूर्वीच्या एका शस्त्रक्रियेत इजा झालेली होती आणि लघवी भलत्याच वाटांनी सतत पाझरत होती. छिद्र बुजवण्याचे प्रयत्न फसले. तेव्हा त्या बाजूचे मूत्रपिंडच काढून टाकावे, असा विचार सिमोनने केला. पण एका मूत्रपिंडावर मनुष्य जगतो काय? याची कोणालाच खात्री नव्हती. सिमोनने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, ती जगतात हे पाहिले, आणि मगच शस्त्र हाती घेतले. चाळीस मिनिटांत काम उरकले. बाई बरी झाली.

सिमोनचे हे यश मोठे होते यात शंका नाही. परंतु प्रत्येक मोठ्या यशाची एक सावली पडत असते. एका मूत्रपिंडावर जगता येते, हे सिद्ध झाल्याबरोबर दुसरे मूत्रपिंड वरकड आहे, अशी एक समजूत शस्त्रवैद्यांच्या मनात नकळत रुजली. ‘जगता येते’ आणि ‘काही बिघडत नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. या दोहोंमधील अंतर मोजायला पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला.

गंमत अशी, की दुसरा मार्गही त्याच गावात उघडला. सिमोन १८७६ साली वारला. त्याच्या जागी विन्सेंट्स चेर्नी आला. १८८४ मध्ये इंग्लंडात स्पेन्सर वेल्स याने मूत्रपिंडाभोवतीची चरबीची मोठी गाठ काढताना तिच्याबरोबर मूत्रपिंडाचा एक भागही काढला होता, आणि रुग्ण वाचला होता. चेर्नीने १८८७ मध्ये हेच काम योजनापूर्वक केले. मूत्रपिंडातच उद्भवलेली गाठ त्याने कापून काढली आणि बाकीचे पिंड जागेवर ठेवले. म्हणजे संपूर्ण पिंड काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया आणि गाठीपुरते पिंड काढण्याची पहिली शस्त्रक्रिया, यांत अवघे अठरा वर्षांचे अंतर आहे, आणि स्थळ एकच आहे.

मग चेर्नीची वाट ओस का पडली? त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत. कारण त्या काळचे लोक अडाणी होते, असे म्हणून मोकळे होणे न्यायाचे नाही. पहिले कारण रक्तस्राव. ज्या अवयवातून मिनिटाला लिटरभर रक्त वाहते त्याला चीर देणे म्हणजे भरल्या पाटाला भगदाड पाडण्यासारखे आहे. दुसरे कारण असे, की कापलेल्या जागेतून लघवी पाझरत राही आणि जखम महिनोन्‌महिने भरत नसे. तिसरे कारण सर्वांत प्रबळ होते. गाठ हाताला लागेपर्यंत, लघवीतून रक्त जाईपर्यंत, किंवा कुशीत दुखू लागेपर्यंत तिचा पत्ताच लागत नसे. इतक्या उशिरा सापडलेल्या गाठीने बहुधा पिंडाचा मोठा भाग व्यापलेला असे. राखावे असे काही शिल्लकच नसे.

ही वाट पुन्हा चालण्याजोगी व्हायची तर आधी मूत्रपिंडाच्या आतला नकाशा हाती यायला हवा होता. तो काढण्याच्या कामी एका चित्रकाराचा मोठा हातभार लागला. मॅक्स ब्रोडेल हा मूळचा लाइपझिगचा. १८९४ मध्ये तो अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत वैद्यकीय चित्रे काढण्यासाठी आला. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांचा त्याने कसून अभ्यास केला आणि १९०१ साली दाखवून दिले, की पुढच्या व मागच्या रक्तवाहिन्यांच्या हद्दींमध्ये कमी रक्ताचा एक पट्टा आहे. चीर तेथे द्यावी. पुढे १९५४ मध्ये इंग्लंडातील ग्रेव्हज याने मूत्रपिंडाचे रक्तपुरवठ्यानुसार पाच विभाग पाडून दाखवले. आपल्याकडच्या बागायतीचेच उदाहरण घ्या. मुख्य पाटातून दांड निघतात आणि प्रत्येक दांड आपापल्या वाफ्याला पाणी देतो. एका वाफ्याचा दांड बुजवला तर तो वाफा सुकतो. शेजारच्या वाफ्यातून त्यात पाणी येत नाही. मूत्रपिंडाच्या विभागांचे असेच आहे. म्हणून कोणता दांड कोणत्या वाफ्याचा, हे शस्त्रवैद्याला ठाऊक असावे लागते. नाहीतर गाठ निघते, पण राखलेला भागही मरतो.

यादरम्यान १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले, आणि १९२९ मध्ये शिरेत औषध टोचून मूत्रपिंडाचे चित्र घेण्याची रीत निघाली. आता शस्त्रक्रियेपूर्वीच दुसरे मूत्रपिंड काम करते की नाही, हे कळू लागले. नकाशा होता, चित्र होते. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यास कर्करोगाच्या गाठीसाठी पिंड राखणे हे बहुतेकांना अविचाराचे वाटे.

येथे दोन नावे समोरासमोर ठेवण्यासारखी आहेत. १९५० साली व्हरमूटन या अमेरिकन शस्त्रवैद्याने एक निरीक्षण मांडले. या गाठी वाढताना आजूबाजूच्या भागात मुळे पसरण्याऐवजी त्याला बाजूला लोटत जातात, आणि त्यामुळे गाठीभोवती दबलेल्या भागाचे एक आवरण तयार होते. तेव्हा सभोवारचा एक सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन गाठ काढली तर काही रुग्णांत तेवढे पुरावे, असे त्याचे म्हणणे होते. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९६३ मध्ये, कॅनडातील टोरोंटो येथील रॉबसन याने नेमका उलट उपदेश केला. गाठ पिंडाबाहेरच्या चरबीत शिरलेली असू शकते. म्हणून आधी रक्तवाहिन्या बांधाव्यात आणि मग मूत्रपिंड, भोवतालची चरबी, तिच्यावरचे आवरण, वरची अधिवृक्क ग्रंथी आणि जवळच्या लसिका ग्रंथी असा सारा ऐवज एकत्र काढावा. त्याचे परिणाम त्या काळच्या मानाने चांगले होते. शिर सलामत तर पगडी पचास, हा त्यामागचा विचार होता, आणि मोठमोठ्या गाठी घेऊन येणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत तो वावगाही नव्हता. पुढे पाव शतकाहून अधिक काळ रॉबसनची पद्धत हाच धर्म होऊन बसला.

परंतु काही रुग्णांना हा धर्म पाळणे शक्यच नव्हते. एखाद्याला जन्मतःच एक मूत्रपिंड असते. एखाद्याचे दुसरे पूर्वीच काढलेले असते. एखाद्याच्या दोन्ही पिंडांत एकाच वेळी गाठी होतात. अशा माणसाचे सबंध मूत्रपिंड काढणे म्हणजे त्याला वाचवण्यासाठी मारण्यासारखे. कृत्रिम मूत्रपिंडावर रुग्णाला वर्षानुवर्षे जगवण्याची सोय १९६० मध्ये सिएटल येथे स्क्रिबनरने केलेल्या कामानंतरच होऊ लागली, आणि तीही फार थोड्यांना. म्हणून या रुग्णांसाठी गाठीपुरती शस्त्रक्रिया चालू राहिली. तिच्यासाठी बर्फाचा उपयोग शिकावा लागला. रक्तपुरवठा तोडला की साध्या देहोष्णतेत मूत्रपिंड अर्धा तासाच्या आसपास तग धरते. बर्फाच्या चुऱ्यात थंड केले तर त्याची गरज मंदावते आणि शस्त्रवैद्याला कितीतरी अधिक वेळ मिळतो. लंडनच्या विकहॅमने या शीतनाच्या पद्धतीवर पुष्कळ काम केले. फारच अवघड गाठ असली तर मूत्रपिंड शरीराबाहेर काढून, बर्फात ठेवून, मेजावर त्याची शस्त्रक्रिया करून परत त्याच माणसाला बसवण्यापर्यंत मजल गेली.

लहान मुलांत होणाऱ्या मूत्रपिंडाच्या गाठीलाही हीच गोष्ट लागू आहे. मॅक्स विल्म्स याने १८९९ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. तोही पुढे १९१० मध्ये हायडेलबर्गलाच प्राध्यापक झाला. या मुलांपैकी शेकडा पाच किंवा थोड्या अधिकांना गाठी दोन्ही बाजूंना असतात. ज्याच्यापुढे सारे आयुष्य पडले आहे अशा दोन-तीन वर्षांच्या पोराची दोन्ही मूत्रपिंडे काढायला कोण तयार होईल? तेथे आधी औषधांनी गाठी लहान करतात आणि मग जेवढे राखता येईल तेवढे राखतात.

या नाइलाजाच्या रुग्णांनी शस्त्रवैद्यांना एक अमोल धडा दिला. पिंड राखले म्हणून कर्करोग सर्रास परत येईल, ही जी भीती होती ती खरी ठरली नाही. लहान गाठींत तर क्वचितच तसे झाले. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे अँड्र्यू नोव्हिक याने अशा रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा ठेवला. मग साहजिकच प्रश्न उभा राहिला : एकच मूत्रपिंड असणाऱ्याला जे पुरते, ते दोन असणाऱ्याला का पुरू नये?

त्याच सुमारास चित्रे घेणाऱ्या यंत्रांनी क्रांती केली. १९७१ मध्ये लंडनमध्ये हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅनने प्रथम एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले, काही वर्षांत सबंध शरीराचे स्कॅनर आले, सोनोग्राफीही पसरली. पित्ताशयातला खडा पाहायला गेले आणि मूत्रपिंडातली सुपारीएवढी गाठ दिसली, असे घडू लागले. आज मूत्रपिंडाच्या निम्म्याहून अधिक गाठी अशा अवचितच सापडतात. रॉबसनपुढे आलेला रोग आणि हा रोग यांचे नाव एक असले तरी रूप एक नाही. शिवाय चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींपैकी सुमारे पाचातली एक कर्करोगाची नसतेच. तिच्यासाठी सबंध मूत्रपिंड देणे म्हणजे एक कीड लागलेली फांदी तोडायची म्हणून झाडच उपटणे होय.

इतके होऊनही रीत लवकर बदलली नाही. १९९० च्या जूनमध्ये अमेरिकेत सेंट लुइस येथे क्लेमनने दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छिद्रांतून, सबंध मूत्रपिंड काढून दाखवले. रुग्णाचे दुःख कमी झाले. पण पिंड राखण्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करणे कठीण असल्याने सोप्या वाटेने पुष्कळ मूत्रपिंडे उगाचच गेली. पुढे भारतीय वंशाचे शस्त्रवैद्य इंदरबीर गिल आणि इतरांनी दुर्बिणीतून पिंड राखण्याचे तंत्र सिद्ध केले, आणि २००४ च्या सुमारास यंत्रमानवाच्या हातांनी हे काम होऊ लागले.

आता हिशेबाकडे वळू. २००६ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयातील वैद्यांनी ६६२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. सर्वांच्या गाठी चार सेंटिमीटरच्या आतल्या. सर्वांचे दुसरे मूत्रपिंड ठीक. नेहमीच्या रक्ततपासणीत दोष नाही. तरी नीट हिशेब केल्यावर त्यांतल्या शेकडा २६ जणांची मूत्रपिंडे शस्त्रक्रियेपूर्वीच अशक्त निघाली! शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी नव्याने अशक्तपणा न आलेले रुग्ण पिंड राखलेल्यांत शेकडा ८०, आणि सबंध पिंड काढलेल्यांत शेकडा ३५. त्याआधी दोन वर्षे, ११ लाखांहून अधिक लोकांच्या एका पाहणीत, मूत्रपिंडे जितकी दुबळी तितका हृदयविकाराचा व मृत्यूचा धोका अधिक, असे दिसून आले होते. दोन्ही एकत्र वाचले की निष्कर्ष स्पष्ट वाटतो. मूत्रपिंडदान करणारा निरोगी मनुष्य एका पिंडावर सुखाने जगतो. पण गाठीचा रुग्ण बहुधा वयस्क असतो, त्याला रक्तदाब असतो, मधुमेह असतो. सिमोनच्या कुत्र्यांवरून त्याचे भविष्य वर्तवता येत नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने लहान गाठींसाठी पिंड राखण्याचीच शस्त्रक्रिया प्रमाण मानली.

येथे कथा संपवता आली असती तर ती फार गोड झाली असती. पण इतिहासकाराने गैरसोयीचा कागद दडवू नये. युरोपात १९९२ पासून एक कसोटी चालू होती. पाच सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींचे ५४१ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले गेले होते. १३०० रुग्ण हवे होते, तेवढे मिळाले नाहीत, म्हणून ती २००३ मध्ये आवरती घ्यावी लागली. तिचा निकाल २०११ मध्ये आला. दहा वर्षांनी हयात असलेले रुग्ण, सबंध पिंड काढलेल्या गटात शेकडा ८१.१ आणि पिंड राखलेल्या गटात शेकडा ७५.७! कर्करोगाने दोन्ही गटांत मिळून मृत्यू फक्त १२. म्हणजे रोग दोन्ही रीतींनी आटोक्यात राहतो. पण पिंड राखल्याने आयुष्य वाढते, हे या कसोटीने दाखवले नाही. २०१४ मध्ये याच रुग्णांच्या मूत्रपिंडांचा हिशेब आला. मध्यम प्रतीचा अशक्तपणा आलेले लोक, सबंध काढलेल्यांत शेकडा ८५.७, राखलेल्यांत ६४.७. पण मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, शेकडा दीडच्या आसपास.

याचा अर्थ काय लावावा? कित्येकांनी ही कसोटीच सदोष ठरवली. ती अर्धवट राहिली हे खरे. म्हणून तिचे म्हणणे सोडून द्यावे असे आम्हांला वाटत नाही. तिने एक सूक्ष्म भेद शिकवला. रोगाने झिजत जाणारे मूत्रपिंड आणि शस्त्राने एकदाच कमी झालेले मूत्रपिंड, यांचा आकडा एक दिसला तरी दैव एक नसते. पहिले खचत जाते. दुसरे पुष्कळदा त्या पायरीवर स्थिर राहते. म्हणून ज्याची मूत्रपिंडे रोगाने आधीच झिजत आहेत, त्याच्याच बाबतीत राखण्याचे मोल सर्वांत अधिक. ज्याचे दुसरे मूत्रपिंड उत्तम आहे आणि गाठ मोठी, खोल, रक्तवाहिन्यांच्या मुळाशी आहे, त्याच्यासाठी हट्टाने पिंड राखणे म्हणजे रक्तस्रावाचा आणि लघवी पाझरण्याचा धोका नाहक पत्करणे होय.

वैद्यांच्या हट्टाचे आणखी एक उदाहरण देतो. २०१० मध्ये अमेरिकेतील काही शस्त्रवैद्यांनी सांगितले, की रक्तपुरवठा तोडलेले प्रत्येक मिनिट महागात पडते. मग मिनिटे वाचवण्याची चढाओढ लागली. दोनच वर्षांनी त्यांच्यापैकीच काहींनी पुन्हा हिशेब करून दाखवले, की घड्याळापेक्षा दोन गोष्टी वजनदार आहेत : मुळात मूत्रपिंड किती सशक्त होते, आणि त्यातले किती राखले. व्हरमूटनचा एक सेंटिमीटरचा दंडकही असाच शिथिल झाला. कडेवर गाठीचा अंश राहिला नाही म्हणजे झाले, कडेची रुंदी गौण आहे, असे ठरले. आणि हात आवरण्याची शेवटची पायरी म्हणजे शस्त्र न उचलणे. वृद्ध, दुबळ्या माणसाची लहान गाठ वर्षाला सरासरीने तीनच मिलिमीटर वाढते. तिच्यावर नुसती नजर ठेवणे, हाही आज मान्य उपचार आहे.

या साऱ्या इतिहासातून नगरवासी मंडळींनी घरी काय न्यावे? उद्या आपल्या घरात कोणाच्या सोनोग्राफीत अशी गाठ दिसली, तर दोन टोके टाळावीत. घाबरून ‘काढून टाका सगळे’ म्हणू नये, आणि ‘राखाच’ असा आग्रहही धरू नये. डॉक्टरसाहेबांना शांतपणे चार गोष्टी विचाराव्यात. गाठ केवढी आणि कोठे आहे? दुसऱ्या मूत्रपिंडाची खरी ताकद किती? मधुमेह व रक्तदाब यांनी आधीच काही नुकसान केले आहे काय? आणि पिंड राखण्याच्या अशा शस्त्रक्रिया येथे नेहमी होतात काय? या चार उत्तरांवर निर्णय अवलंबून असतो, आणि ते विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

चेर्नीच्या हाती १८८७ साली धैर्य होते; त्याच्याजवळ नकाशा नव्हता, चित्र नव्हते, बर्फाची युक्ती नव्हती, आणि पुढे काय झाले याचा लेखाजोखा ठेवण्याची व्यवस्थाही नव्हती. ती एकेक जमेपर्यंत त्याची शस्त्रक्रिया थांबून राहिली. संयम हा केवळ स्वभावाचा गुण नाही. किती पुरे, हे ज्याला मोजता येते त्यालाच तो परवडतो, आणि हे मोजमाप अजून पुरे झालेले नाही.